गंज, ऊन आणि हायड्रोजन

परवा परत तो व्हिडिओ आला, टाकीत पाणी ओतलं की गाडी पळते तो. अरे बाबांनो, पाणी म्हणजे हायड्रोजन जळून झालेली राख! राख परत पेटवायची तर जळताना बाहेर पडली तेवढी तरी ऊर्जा आधी परत घालावी लागणार. ती उन्हातून घालता येईल का, हा प्रश्न मात्र खरा आहे.

1972 साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी जोडीने टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पाडून पाणी फोडून दाखवलं, म्हणजे त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. अडचण त्याच्या रंगातच दिसते. भिंतीच्या रंगात घालतात तीच ही पांढरी पावडर, आणि पांढरी दिसते याचाच अर्थ डोळ्यांना दिसणारा उजेड ती घेतच नाही, अतिनील तेवढा घेते, जो उन्हात जेमतेम 4-5 टक्के असतो. म्हणजे पदार्थ रंगीत हवा. कॅडमियम सल्फाइड आहे की पिवळंधमक, पण ते उजेडात स्वतःच झिजून पाण्यात उतरतं आणि कॅडमियम विषारी. मग राहतो आपला तांबडा गंज, म्हणजे हेमटाइट. स्वस्त, टिकाऊ.

आता माझा आवडता भाग. उजेड पडला की इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि त्याच्या जागी खड्डा पडतो, त्याला होल म्हणतात. इलेक्ट्रॉनने हायड्रोजन बनवायचा, होलने पाण्यातला ऑक्सिजन सोडवायचा. पण दोघांची परत गाठ पडली की सगळं मुसळ केरात, नुसती उष्णता उरते. हेमटाइटमधलं होल जेमतेम 2 ते 4 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सरकतं तोवर त्याला इलेक्ट्रॉन गाठतोच. उजेड नीट शोषायला मात्र काहीशे नॅनोमीटर जाडी लागते. थर पातळ केला तर उजेड आरपार, जाड केला तर होल आतच खलास. यावर उपाय म्हणजे बारीक काड्यांचं रानच उभं करायचं, उजेड काडीच्या उंचीभर शोषला जातो आणि होल बाजूने दोन पावलांत पाण्यात! लांबी उजेडासाठी, बारीकपणा होलसाठी. नॅनोची करामत ती एवढीच, क्रीमच्या डबीवर छापतात तसली जादू नाही, उलट पृष्ठभाग वाढला की त्यावरचे दोषही वाढतात आणि तिथेही इलेक्ट्रॉन आणि होलची गाठ पडते.

शिवाय ऑक्सिजनच्या एका रेणूला चार होल लागतात, म्हणून ते काम रेंगाळतं, आणि हेमटाइटच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जेची पातळी हायड्रोजनसाठी लागते त्यापेक्षा खाली पडते, तेव्हा बाहेरून व्होल्टेज द्या नाहीतर दुसरा पदार्थ जोडून दोन टप्प्यांत उडी मारायला लावा. कित्येक प्रयोगांत तर पाण्यात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) घालतात, ते होल गिळतं आणि हायड्रोजन भराभर निघतो, मग बातमी येते ‘पाण्यापासून इंधन’. मिथेनॉल संपलं की काय, ते बातमीत नसतं.

2021 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ काझुनारी डोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटरचं पॅनेल उघड्यावर चालवलं, निघालेल्या मिश्रणातून हायड्रोजन पडद्याने वेगळा केला. उन्हातली ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली ती जास्तीत जास्त 0.76 टक्के. त्यातला पदार्थ होता स्ट्रॉन्शियम टायटॅनेट, तोही अतिनीलवरच चालणारा.