हिवाळ्यातील समुद्रकाठ: ओसरलेले गाव आणि मिटलेले गाव

हिवाळ्यात, म्हणजे हंगाम नसताना, समुद्रकाठच्या गावी राहून आलेल्या दोन माणसांना विचारले, तर पुष्कळदा अगदी उलटसुलट उत्तरे मिळतात. एकाला मोकळे रस्ते, निवांत किनारा आणि कमी दरातली समुद्राभिमुख खोली मिळालेली असते, तर दुसऱ्याने संध्याकाळी सहानंतर उघडे दार शोधत गावभर पायपीट केलेली असते. याचे खापर सहसा हवेवर फोडले जाते; परंतु दोघांनाही सारखाच पाऊस आणि सारखाच वारा भेटलेला असण्याची शक्यता अधिक असते. फरक गावांत असतो. 'ऑफ सीझन' या एकाच पाटीखाली दोन वेगळ्या अवस्था मोडतात: पाहुणे गेले तरी स्वतःचे जगणे चालू ठेवणारे, केवळ गर्दी ओसरलेले गाव, आणि पाहुण्यांबरोबरच आपलाही कारभार आवरून ठेवणारे, मिटलेले गाव. बुकिंगच्या संकेतस्थळावर ही दोन्ही सारखीच दिसतात.

हा फरक समशीतोष्ण पट्ट्यातील किनाऱ्यांना लागू पडतो, एवढे आधी स्पष्ट केले पाहिजे. उष्ण कटिबंधात बहुतेक ठिकाणी हिवाळा हाच गर्दीचा काळ असतो आणि किनारे ओस पडतात ते पावसाळ्यात, त्यामुळे तिथला हिशेब निराळा.

मिटलेल्या गावाचे कारण त्याच्या लोकसंख्येत सापडते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ओशन सिटी या गावात 2020 च्या जनगणनेनुसार सात हजारांहून कमी लोक कायमचे राहतात. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी मात्र तिथे तीन लाखांच्या आसपास माणसे असतात. एवढ्या पाहुण्यांसाठी उभारलेली हॉटेले, उपाहारगृहे आणि दुकाने सात हजार रहिवाशांच्या जोरावर हिवाळाभर चालणे शक्यच नाही. त्यामुळे अशा गावांत बंद करणे हा एक रीतसर वार्षिक कार्यक्रम होतो. नळांतील पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून रिकाम्या घरांतील पाणी काढून टाकले जाते, समुद्राकडच्या काचांवर फळ्या ठोकल्या जातात, खुर्च्या एकावर एक रचून साखळीने जखडल्या जातात, आणि फेब्रुवारीपर्यंत फरसबंद वाटेवर वाऱ्याने आणलेल्या वाळूच्या लहान लहान राशी जमलेल्या असतात, कारण ती झाडणारा माणूसही हंगामीच असतो. दुकानाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर पुन्हा उघडण्याचा महिना लिहिलेला असला, तर तो बहुधा मार्च किंवा एप्रिल असतो. बल्गेरियातील सनी बीचसारख्या, केवळ उन्हाळी पर्यटनासाठी वसवलेल्या ठिकाणी तर हॉटेलांच्या रांगांच्या रांगा अशाच अंधारात उभ्या असतात.

ओसरलेल्या गावाला पाहुण्यांखेरीज दुसरा आधार असतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन घ्या. लंडनहून तिथे 1841 मध्ये रेल्वे आली, 1961 मध्ये ससेक्स विद्यापीठ सुरू झाले, आणि शेजारच्या होव्हसह आज तिथली वस्ती सुमारे पावणेतीन लाख आहे. विद्यार्थी आणि नोकरदार यांना जानेवारीतही कॉफी प्यायची असते, नाटक पाहायचे असते, रात्री उशिरा बसने घरी जायचे असते, आणि हिवाळ्यात आलेला पाहुणा त्यांच्यासाठी चाललेल्या या सगळ्या व्यवस्थेचा आयता लाभ घेतो. अशा गावात हिवाळा म्हणजे उन्हाळ्याची उरलीसुरली आवृत्ती, असे समजण्याचेही कारण नाही. ब्रायटनला साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात सूर्यास्ताच्या सुमारास स्टारलिंग पक्ष्यांचे थवे समुद्रावर जमतात. आधी किनाऱ्यावरून लहान तुकड्या येतात. त्या एकमेकींत मिसळत जातात. मग 1975 मध्ये बंद झालेल्या आणि 2003 मध्ये आगीत जळालेल्या वेस्ट पिअर या समुद्रात शिरलेल्या जुन्या धक्क्याच्या लोखंडी सांगाड्यावर काळा पट्टा ताणला जातो, आकसतो, वळताना क्षणभर फिका पडतो, आणि पुरता अंधार होण्याआधी काही मिनिटांत सगळा थवा धक्क्याखालच्या तुळयांवर रात्रीच्या मुक्कामाला उतरतो. जुलैत गेलेल्यांच्या वाट्याला हे दृश्य येत नाही.

काही गावांच्या बाबतीत तर हिवाळ्याला ऑफ सीझन म्हणणे इतिहासाला धरूनही नाही. फ्रान्समधील नीस हे मुळात हिवाळी मुक्कामाचे गाव म्हणून नावारूपाला आले. थंडी टाळण्यासाठी अठराव्या शतकापासून इंग्रज तिथे येऊन राहू लागले, आणि समुद्रालगतच्या प्रसिद्ध 'प्रोमनाद देझांग्ले' या रस्त्याची सुरुवात 1820 च्या दशकात त्यांच्याच पुढाकाराने व पैशाने झाली. 1864 मध्ये रेल्वे पोहोचल्यावर हा हिवाळी राबता आणखी वाढला. उन्हाळा हाच तिथला बंदचा काळ होता; 1923 च्या उन्हाळ्यात जवळच्या कॅप द'आंतिब येथील एक मोठे हॉटेल मोजक्या पाहुण्यांसाठी उघडे ठेवले गेले, तेव्हा ती चाकोरीबाहेरची गोष्ट होती. ऊन अंगावर घेण्याची आवड पसरली आणि दोन-तीन दशकांत सगळे चक्र उलटे झाले. हवा तीच, समुद्र तोच, हंगाम मात्र सहा महिने सरकला. हंगाम बराचसा माणसांच्या सवयींवर आणि शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतो, हे यावरून दिसते. या जुन्या हिवाळी वास्तव्याचा फायदा आजही होतो: फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल असतो, आणि त्या दिवसांत तिथे स्वस्त खोलीची अपेक्षा ठेवू नये.

हे दोन प्रकार ओळखण्यात गफलत होते, कारण सहज नजरेस पडणाऱ्या खुणा दोन्हीकडे सारख्याच असतात. दर दोन्हीकडे उतरलेले असतात. तेव्हा कमी दर हा काही पुरावा नव्हे. छायाचित्रे दोन्हीकडे उन्हाळ्यातलीच लावलेली असतात. 'वर्षभर खुले' ही ओळसुद्धा फसवी असू शकते, कारण हॉटेल खुले असले तरी त्याच्या आजूबाजूचे गाव खुले असेलच असे नाही. म्हणून पाहुण्यांसाठी लिहिलेली पाने बाजूला ठेवून रहिवाशांसाठी असलेली माहिती वाचावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गावात माध्यमिक शाळा, रुग्णालय, न्यायालय किंवा चालते बंदर आहे का? बसचे हिवाळी वेळापत्रक उन्हाळ्याच्या जवळपास आहे, की दिवसाला दोन फेऱ्यांवर आले आहे? जानेवारी-फेब्रुवारीत लिहिलेले अभिप्राय सापडतात का, की सगळेच जून ते सप्टेंबरमधले आहेत? एवढ्यावरून अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. फोन करून 'तुम्ही चालू आहात का' असे विचारण्यापेक्षा स्वयंपाकघर आठवड्यातून कोणत्या दिवशी चालू असते, खोली तापवण्याची सोय आहे का आणि पायी जाण्याच्या अंतरावर किराणा मिळतो का, हे विचारावे. तापवण्याच्या सोयीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण भूमध्य समुद्राकाठची कित्येक घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. फरशी थंडगार, खिडक्यांच्या काचा एकेरी, आणि महिनाभर कोणी न राहिलेल्या खोलीतील पांघरुणे दमट. बाहेर पंधरा अंश तापमान असताना आत कुडकुडत बसण्याची वेळ अशाच घरांत येते.

काही ठिकाणी दोन्ही अवस्था एकाच गावात शेजारी नांदतात. इटलीतील रिमिनीमध्ये लोहमार्गाच्या एका बाजूला जुने शहर आहे, जिथे इसवी सन पूर्व 27 मधील ऑगस्टसची कमान आणि इसवी सन 21 मध्ये पूर्ण झालेला टायबेरियसचा पूल आजही उभा आहे. तिथली बाजारपेठ आणि चौक वर्षभर गजबजलेले असतात. दुसऱ्या बाजूला, समुद्रालगत, हॉटेलांची लांबच लांब रांग आहे आणि तिच्यातील बरीच हॉटेले हिवाळ्यात बंद असतात. उन्हाळी सवयीने समुद्राला चिकटून खोली घेणारा पाहुणा इथे मिटलेल्या गावात राहतो आणि ओसरलेले गाव त्याच्यापासून थोड्याच अंतरावर असते. अशा गावी हिवाळ्यात मुक्काम जुन्या वस्तीत करावा आणि समुद्राकडे चालत जावे, हे उत्तम.

समुद्र मात्र दोन्हीकडे एकाच नियमाने वागतो. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण किनाऱ्यांवर समुद्र सर्वांत थंड असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, डिसेंबरमध्ये नव्हे. आणि याच कारणाने किनाऱ्याची रात्र आतल्या प्रदेशातल्या रात्रीपेक्षा सौम्य असते. आकडा सौम्य असला तरी वारा तो तसा जाणवू देत नाही, ही गोष्ट वेगळी. वादळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि ती पाण्याखाली उथळ बांधासारखी साचते. उन्हाळ्यातील संथ लाटा ती परत आणतात. त्यामुळे छायाचित्रातला रुंद वाळूचा किनारा जानेवारीत अरुंद आणि खडकाळ दिसला, तर फसवणूक झाली असे समजू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे येणारी उधाणाची भरती आणि जमिनीच्या दिशेने वाहणारा सोसाट्याचा वारा एकत्र आले की पाणी कठड्यावरून रस्त्यावर येते, म्हणून भरतीचे वेळापत्रक खिशात असलेले बरे. पाण्यात उतरण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गावांत एकच सावधगिरी हवी: पंधरा अंशांहून थंड पाण्यात अचानक शिरल्यास श्वास अनावर होतो, आणि जीवरक्षकांची हंगामी पथके हिवाळ्यात बहुतेक किनाऱ्यांवर नसतात.

प्रवासाच्या बाबतीत दोहोंमधील अंतर सर्वांत जास्त बोचते. मुख्य भूमीवरील ओसरलेल्या गावातून एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. ग्रीसच्या बेटांवर हिवाळ्यात बोटींच्या फेऱ्या मुळातच कमी असतात, आणि वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपुढे गेला की बंदरातून बोटींना सुटण्याची मनाई होते. मग एखाद-दुसरा दिवस तिथेच अडकून पडावे लागते. हे गृहीत धरून परतीचे विमान आणि बोट यांच्यात किमान एक दिवस मोकळा ठेवला, तर त्या बेटावरची हिवाळी शांतता खरोखर उपभोगता येते.

मग निवड कशी करावी? ज्याला गाव हवे आहे, म्हणजे पायी भटकणे, संग्रहालय, गरम खोलीत बसून काचेपलीकडचा समुद्र पाहणे, त्याने ओसरलेल्या गावाचीच वाट धरावी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला राहील. ज्याला फक्त समुद्र हवा आहे, चार दिवस कोणी न भेटल्याने ज्याचे काही बिघडत नाही आणि स्वतःची चूल स्वतः पेटवण्याची ज्याची तयारी आहे, त्याला मिटलेले गाव अधिक मोलाचे वाटेल, कारण एवढा मोठा किनारा एकट्याच्या वाट्याला दुसऱ्या कोणत्याही वेळी येत नाही. वाईट वाटते ते एक शोधत दुसऱ्यात जाऊन पडणाऱ्यांचे. या दोहोंखेरीज ज्यांनी हिवाळ्यालाच आपला हंगाम केले अशीही ठिकाणे आहेत, आणि तिथे शांततेच्या आशेने जाणे चुकीचे ठरेल: कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावरील टोफिनो येथे प्रशांत महासागरावरून येणारी वादळे पाहायलाच लोक येतात, तर पोर्तुगालमधील नाझारे येथे समुद्रतळावरील खोल दरीमुळे ऑक्टोबर ते मार्च या काळात उठणाऱ्या प्रचंड लाटा पाहण्यासाठी दीपगृहापाशी दाटी होते.

शेवटी तारखांबद्दल. एकच गाव हिवाळ्यातल्या हिवाळ्यातही एका अवस्थेतून दुसरीत जाते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा युरोपात बऱ्याच ठिकाणी छोटा हंगामच असतो. तो संपला की जानेवारीचे पहिले तीन आठवडे ओसरलेल्या गावांतीलही अनेक मालक डागडुजी काढतात किंवा स्वतःच सुट्टीवर जातात, त्यामुळे एरवी उघडे असणारे गाव त्या काळात अर्धे मिटलेले भेटते. फेब्रुवारीत शाळांच्या हिवाळी सुट्ट्या येतात आणि काही गावे पुन्हा भरतात. याशिवाय दिवस लांबत जातो, हा फेब्रुवारीचा आणखी एक फायदा आहे: ब्रायटनच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम आठ तासांचा असलेला दिवस फेब्रुवारीच्या मध्याला दहा तासांच्या आसपास पोहोचतो. म्हणून तारीख निवडण्याची मुभा असेल, तर जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा स्थानिक शाळांच्या सुट्ट्या वगळून फेब्रुवारी घ्यावा, आणि आठवड्याच्या मधले दिवस धरताना उपाहारगृहे सोमवार-मंगळवारी बंद नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे.