मधुमेहातील लिंगशैथिल्य

मधुमेही पुरुषाला समागमापुरती ताठरता न येणे किंवा आलेली ताठरता न टिकणे असे वारंवार होऊ लागले, तर त्या विकाराला मधुमेहातील लिंगशैथिल्य म्हणतात. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत हा त्रास सुमारे तिपटीने अधिक आढळतो आणि साधारण १० ते १५ वर्षे आधी सुरू होतो.

उत्तेजनेच्या वेळी शिस्नातील मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, त्याने तेथील स्नायू सैल पडून रक्त आत भरते आणि रक्त बाहेर नेणाऱ्या नीला दाबल्या गेल्याने ताठरता टिकते. अनेक वर्षे वाढलेली राहिलेली रक्तशर्करा हे अस्तर आणि हे मज्जातंतू या दोन्हींना इजा करते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कमतरता, धूम्रपान, रक्तदाबावरील काही औषधे आणि नैराश्य यांनी त्यात भर पडते. तरीही ‘हे सगळे मनाचे आहे’ असे सांगून मधुमेही रुग्णाला परत पाठवणे चूकच होय.

या विकाराचे खरे महत्त्व शयनगृहाबाहेर आहे. शिस्नाला रक्त पुरवणारी रोहिणी जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंदीची, तर हृदयाची ३ ते ४ मिलिमीटरची असते. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या एकाच रोगाने दोन्ही आक्रसत असताना लक्षण आधी लहान रोहिणीत उमटते आणि छातीत दुखू लागण्यापूर्वी बहुधा दोन-तीन वर्षे हाताशी मिळतात. रुग्ण संकोचाने बोलत नाही आणि डॉक्टर गर्दीत विचारत नाहीत, म्हणून ही वर्षे वाया जातात. पायांची आणि डोळ्यांची तपासणी होते, तसा हा प्रश्नही प्रत्येक मधुमेही पुरुषाला विचारला गेला पाहिजे.

साखर, रक्तदाब व वजन आटोक्यात ठेवणे, व्यायाम आणि तंबाखू सोडणे हा उपचाराचा पाया आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे औषध नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम लांबवते. मज्जातंतूंनाच इजा झाली असेल, तर मुळात नायट्रिक ऑक्साइडच कमी स्रवत असल्याने मधुमेहींना या गोळीचा गुण तुलनेने कमी येतो. अशा वेळी निर्वात पंप, शिस्नात घ्यावयाचे अल्प्रोस्टॅडिलचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेने बसवलेले रोपण उपयोगी पडते. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे घेणाऱ्याने सिल्डेनाफिल मुळीच घेऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. ‘गुप्तरोगावर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तथाकथित वनौषधींत सिल्डेनाफिलच न सांगता मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे.