रुग्णालयीन चिकित्सा-चाचणी : मुंबई

एखादे औषध, लस, शस्त्रक्रिया किंवा तपासणीची रीत माणसाला खरोखर गुण देते का आणि अपाय किती करते, हे आधी लिहून ठेवलेल्या आराखड्याप्रमाणे, रुग्णांची संमती घेऊन आणि बहुधा तुलनेसाठी दुसरा गट ठेवून पाहणे, याला चिकित्सा-चाचणी म्हणतात. मुंबईच्या रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णही तिला सरसकट ‘ट्रायल’ म्हणतात. ‘स्टडीत आहे’ असेही ऐकू येते. नेहमीच्या उपचारात डॉक्टरसमोर एकच प्रश्न असतो : या रुग्णाला आज काय द्यावे? चाचणीत त्याला दुसरा प्रश्न येऊन चिकटतो : यापुढे येणाऱ्या रुग्णांना काय द्यावे? दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या अंगावर सोडवायचे असतात आणि या विषयातले बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

संज्ञा : मराठी लेखनात चाचणी, परीक्षण आणि प्रयोग असे तीनही शब्द आढळतात. ‘प्रयोग’ शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नाही, पण तो टाळलेला बरा. दादरच्या शिवाजी मंदिरात प्रयोग लागला तर लोक रांग लावतात. तोच शब्द वॉर्डात उच्चारला की ‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ हा प्रश्न ठरलेला. ज्या गटाला नवा उपचार मिळत नाही त्याला काही संमतीपत्रांत ‘नियंत्रित गट’ म्हटलेले असते. त्यातून त्या रुग्णांवर कोणीतरी ताबा ठेवून आहे असा भास होतो. ‘तुलनागट’ हा शब्द अर्थाला अधिक धरून आहे आणि पुढे तोच वापरला आहे.

प्रारंभाचा प्रश्न : मुंबईतील पहिली चिकित्सा-चाचणी कोणती, याचे उत्तर ‘चाचणी’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात जंतुशास्त्रज्ञ व्हाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्शात वाढवून व उष्णतेने मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. हाफकिन यांच्या मांडणीनुसार लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही.

याला अनेक ठिकाणी भारतातील पहिली तुलनात्मक चाचणी म्हटले जाते. दोन्ही गट एकाच आवारात, एकाच अन्नावर आणि एकाच पहाऱ्यात होते, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी स्वच्छ होती, हा या मताचा आधार. उलट बाजूने दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की लस कोणी घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवले. जो पुढे येतो तो आणि जो मागे राहतो तो, यांच्या प्रकृतीतच मुळात फरक असू शकतो. मग श्रेय लशीचे की धडधाकटपणाचे, हे सांगता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की तुरुंगातल्या माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी होती? साहेब समोर उभा असताना कैदी नाही म्हणेल काय, हे त्या काळी कोणी विचारल्याचे दिसत नाही. पहिल्या आक्षेपाला काही अंशी उत्तर पुढल्या वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरा गावी मिळाले. तिथे प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना लस दिली गेली, म्हणजे घर, पाणी, उंदीर सगळे समान. लस न घेतलेल्यांत २६ आणि घेतलेल्यांत ३ मृत्यू नोंदले गेले. पद्धतीच्या दृष्टीने भायखळ्यापेक्षा उंधेऱ्याचे काम अधिक भक्कम आहे आणि ‘पहिली’ हा मान द्यायचाच तर त्याला देणे सयुक्तिक वाटते, मग गाव मुंबईबाहेरचे का असेना. लस तर मुंबईचीच होती. मात्र आज आपण जिला यादृच्छिक चाचणी म्हणतो, म्हणजे कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवणारी चाचणी, ती भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. १९५६ साली मद्रासला सुरू झालेला क्षयरोगाचा अभ्यास, ज्यात घरी राहून घेतलेल्या औषधांची सॅनेटोरियममध्ये राहून घेतलेल्या उपचारांशी तुलना झाली, हा तिचा ठळक आरंभ मानता येतो.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. १९२५ पासून तिला त्यांचे नाव आहे. मधल्या काळात, १९०२ साली, पंजाबातील मलकोवाल येथे एका बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले आणि हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. १९०७ च्या सुमारास ते निर्दोष ठरले, पण लशीच्या प्रत्येक बाटलीचा हिशेब ठेवण्याची गरज त्या घटनेने पटवली.

वकील यांचा सर्पगंधेचा अभ्यास : परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा या वनस्पतीच्या औषधाचा परिणाम ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात प्रसिद्ध केला. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘क्लिनिकल ट्रायल’ हे शब्द आहेत. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते, त्यामुळे शोधाचे श्रेय वकिलांना देणे बरोबर नाही; तो शोध जगाच्या नजरेस आणण्याचे श्रेय मात्र निःसंशय त्यांचे. १९५२ मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसर्पिन हा गुणकारी घटक वेगळा काढला आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर हा अमेरिकेतील मानाचा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. आजच्या कसोटीवर हा अभ्यास अपुरा ठरतो : स्वतंत्र तुलनागट नव्हता, औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब ताडून पाहिला एवढेच. रक्तदाब नुसत्या विश्रांतीनेही, किंवा डॉक्टर आता पाहताहेत या धीरानेही, काहीसा उतरतो. तुलनागट लागतो तो नेमका यासाठी.

चाचणी आतून कशी चालते : आराखडा आधी रुग्णांचे हित पाहणाऱ्या नैतिकता समितीपुढे जातो. चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिक आणि एक कायद्याचा जाणकार असावाच लागतो. सामान्य नागरिकाचे काम दिसते त्याहून मोठे असते, कारण मराठी संमतीपत्र पहिल्यांदा रुग्णाच्या नजरेने वाचणारा तोच.

ही संमतीपत्रे इंग्रजीत लिहून मग मराठी, हिंदी, गुजराती, उर्दूत उतरवली जातात आणि तशीच वाचायला लागतात. ‘आपणांस यादृच्छिकपणे दोन शाखांपैकी एकीत नियुक्त केले जाईल’ हे वाक्य ओपीडीच्या बाकावर बसलेल्या बाईला सांगून पाहावे. ती मान डोलावते, म्हणजे समजलेले नसते. चाचणीचे रोजचे काम पाहणारा अनुभवी कोऑर्डिनेटर कागद बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ‘मावशी, चिठ्ठी टाकणार. म्हाडाची सोडत असते ना, तशी. कुठलं औषध निघेल ते मी ठरवत नाही, डॉक्टरही नाहीत.’ उपमा चटकन पोचते. एका बाबतीत मात्र ती फसवी आहे : म्हाडाच्या सोडतीत घर मिळणे हा लाभ हे सर्वांना ठाऊक असते, इथे कोणती चिठ्ठी लाभाची, हेच अजून कोणाला माहीत नसते. माहीत असते तर चाचणी करणेच गैर ठरले असते.

चिठ्ठ्या प्रत्यक्षात संगणकाने काढलेल्या असतात किंवा बंद पाकिटांत असतात. ‘दुहेरी अंध’ चाचणीत गोळ्या दिसायला सारख्या, डब्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. रुग्णाने रिकाम्या स्ट्रिपा आणि उरलेल्या गोळ्या परत आणायच्या, त्या मोजून वहीत लिहायच्या. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. संमतीपत्राची प्रत रुग्णाला द्यावीच लागते आणि तो कधीही, कारण न सांगता, बाहेर पडू शकतो; त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. ‘घरी विचारून सांगते’ हे उत्तर कोऑर्डिनेटरला गैरसोयीचे वाटले तरी तो रुग्णाचा हक्क आहे. ‘डॉक्टरसाहेब म्हणतात तर करू सही’ ही संमती कायद्याने चालते, पण तिच्यात समज किती आणि भिडस्तपणा किती, हा प्रश्न भायखळ्याच्या तुरुंगापासून सुटलेला नाही.

कायदा : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत १९८८ मध्ये चाचण्यांचे नियम सांगणारी ‘वाय’ अनुसूची आली आणि २००५ मध्ये ती बदलली. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये उघडली. जून २००९ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिच्यात नोंद करणे सक्तीचे झाले. नुकसानभरपाई आणि संमतीचे चित्रीकरण या तरतुदी २०१३ च्या, सर्वोच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या रेट्याने आलेल्या. चित्रीकरणाची सक्ती पुढे अगदी नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांतील दुर्बल गटांच्या सहभाग्यांपुरती ठेवण्यात आली. एचआयव्ही व कुष्ठरोगाच्या औषधांसाठी केवळ ध्वनिमुद्रण पुरते, म्हणजे चेहरा उघड होत नाही. मार्च २०१९ मध्ये हे सर्व नव्या नियमांत एकत्र झाले. गंभीर अपाय घडल्यास २४ तासांत कळवावे लागते. चाचणीमुळे मृत्यू आल्यास भरपाईचे सूत्र ८ लाख रुपयांच्या पायाभूत रकमेवर वय आणि आजाराची जोखीम यांचे गुणक लावून चालते, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या रुग्णाची रक्कम तरुण, निरोगी सहभाग्यापेक्षा पुष्कळच कमी निघते.

टाटा रुग्णालयातील अभ्यास : १९४१ मध्ये परळला उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाची खासियत अशी, की त्याच्या काही गाजलेल्या चाचण्यांत विकण्यासारखे नवे काही नव्हतेच. तोंडाच्या कॅन्सरची गाठ लहान असताना मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की दिसेपर्यंत थांबावे? तंबाखूच्या देशात हा रोजचा प्रश्न, आणि दोन्ही मतांचे सर्जन आपापल्या अनुभवाचा हवाला देत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ५०० रुग्णांपैकी आधीच ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचे स्वस्त औषध टोचण्याचा अभ्यास १,६०० स्त्रियांवर झाला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास निव्होलुमॅब हे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीने देऊन पाहिल्याचे निष्कर्ष आले. डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झाले.

तुलनागटाचा वाद : याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. वय ३५ ते ६४. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरातलेच आम्ल, लावून पांढरे डाग दिसतात का ते पाहत. उरलेल्या वस्त्यांत फक्त आरोग्यशिक्षण. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले : ६७ विरुद्ध ९८. तपासणीने जीव वाचतात हे जगात माहीत असताना तुलनागटाला तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप परदेशातून आणि इथूनही आला. संशोधकांचे उत्तर असे, की या स्त्रियांना एरवीही कोणतीच तपासणी मिळत नव्हती आणि पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी, शहरभर चालवण्याइतक्या प्रयोगशाळा व तज्ज्ञ देशात नव्हते. उत्तरात तथ्य आहे. पण ‘एरवीही मिळत नव्हते’ हे कारण मान्य केले, तर जितकी वस्ती उपेक्षित तितका तुलनागट ठेवणे सोपे, असा त्याचा अर्थ होतो. आक्षेपाचा हा भाग दुर्लक्षून चालण्याजोगा नाही.

इतर : कोविडकाळात कोव्हिशील्डच्या चाचण्या के. ई. एम. व नायर रुग्णालयांत आणि कोव्हॅक्सिनच्या जे. जे. व सायन रुग्णालयांत झाल्या. स्वयंसेवक तेव्हा आपण होऊन फोन करत, हा या शहरातला वेगळाच अनुभव. आय. आय. टी. मुंबई आणि टाटा रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या कार-टी पेशी-उपचाराला (रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी बदलून त्या कॅन्सरवर सोडण्याची रीत) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. खासगी रुग्णालयांतही कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या चाचण्या चालतात. आयुर्वेदीय औषधांच्या चाचण्यांसाठी आयुष विभागाची २०१३ ची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत. वनस्पतीपासून काढलेले, प्रमाणित केलेले औषध मात्र आता २०१९ च्या नियमांखालीच येते. सर्पगंधेचा अर्क आज नव्याने आणायचा झाला, तर त्यालाही चिठ्ठ्या टाकाव्या लागतील.