ॲनिमेटेड मॉडेलचे व्हॉक्सेलीकरण

त्रिकोणांच्या जाळीने बनलेली, हालचाल करणारी त्रिमितीय आकृती दर फ्रेमला छोट्या घनांत रूपांतरित करण्याचे संगणकीय तंत्र. धावता धावता ठोकळ्यांचा होणारा योद्धा किंवा कणाकणाने विरून जाणारा प्राणी अशी दृश्ये व्हिडिओ गेममध्ये या तंत्राने साधता येतात. व्हॉल्यूम आणि पिक्सेल या दोन शब्दांच्या जोडणीतून व्हॉक्सेल हा शब्द तयार झाला. पिक्सेल हा चित्रातला ठिपका, तर व्हॉक्सेल हा अवकाशातला घन. सेकंदाला 60 फ्रेम दाखवायच्या तर सगळ्या दृश्यासाठी मिळून सुमारे 16.7 मिलिसेकंद हाताशी असतात. त्यातल्या थोड्याशा वाट्यात हे रूपांतर उरकावे लागते, म्हणून ते कम्प्युट शेडरवर सोपवले जाते.

कम्प्युट शेडर म्हणजे जीपीयूवर, म्हणजे चित्रे काढणाऱ्या प्रोसेसरवर चालणारा, पण चित्र रंगवण्याच्या ठरलेल्या क्रमाला न बांधलेला प्रोग्रॅम. पिक्सेल शेडर मुख्यतः आपल्या वाट्याच्या पिक्सेलचा रंग ठरवतो. कम्प्युट शेडर मात्र बफरमध्ये, म्हणजे मेमरीच्या राखून ठेवलेल्या भागात, हव्या त्या जागी लिहू शकतो, आणि व्हॉक्सेलीकरणाला नेमकी हीच मुभा लागते. जीपीयूशी बोलण्यासाठी प्रोग्रॅम ज्या प्रणाली वापरतात, त्यांपैकी डायरेक्टएक्स 11 मधून 2009 मध्ये आणि ओपनजीएल 4.3 मधून 2012 मध्ये ही सोय आली. व्हल्कन या तशाच प्रणालीत ती 2016 च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. काम थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांच्या, गटांत वाटले जाते. डायरेक्टएक्स 11 मध्ये एका गटात जास्तीत जास्त 1024 थ्रेड बसतात. घनांच्या त्रिमितीय जाळीसाठी 8×8×8, म्हणजे 512 थ्रेडचा गट सोयीचा पडतो.

सुरुवात स्किनिंगने, म्हणजे मॉडेलच्या आतल्या काल्पनिक हाडांबरोबर त्याचा पृष्ठभाग हलवण्याने होते. मॉडेलच्या प्रत्येक शिरोबिंदूवर बहुधा चारपर्यंत हाडांचा प्रभाव असतो आणि त्यांच्या भारित सरासरीवरून त्याची त्या क्षणाची जागा ठरते. ही जागा जीपीयूच्या मेमरीतच राहिली पाहिजे. ती दर फ्रेमला सीपीयूकडे, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडे आणून परत पाठवली, तर पुढच्या सगळ्या वेगाचा फायदा वाट पाहण्यातच जातो.

यानंतर प्रत्येक थ्रेड एक त्रिकोण घेतो, त्याला वेढणाऱ्या चौकटीतले घन एकेक तपासतो आणि त्रिकोण ज्यांना छेदतो ते घन भरलेले ठरवतो. विभाजक अक्षाच्या नियमाने (ज्या अक्षावर दोन आकृत्यांच्या सावल्या वेगळ्या पडतात असा एक जरी अक्ष सापडला, तर त्या छेदत नाहीत) ही तपासणी 13 अक्षांवर करावी लागते. मायकेल श्वार्त्स आणि हान्स-पीटर झायडेल यांनी 2010 मध्ये मांडलेल्या पद्धतीत त्रिकोणाचे प्रतल आणि तीन द्विमितीय प्रक्षेप तपासले जातात. बरीचशी आकडेमोड त्रिकोणामागे एकदाच होते. अडचण असमान त्रिकोणांची असते. जीपीयूवर 32 किंवा 64 थ्रेड एकत्र पावले टाकतात. त्यातल्या एकाच्या वाट्याला मोठा त्रिकोण आला, की बाकीचे ताटकळतात.

एकाच घनाला अनेक त्रिकोण छेदतात, आणि त्यांतला कोणता शेवटी लिहील याची शाश्वती नसते. त्यामुळे उभ्या असलेल्या पात्रावरही रंग लुकलुकतात. यावर उत्तम उपाय म्हणजे घनात रंग न लिहिता अणुक्रियेने, म्हणजे मध्येच दुसऱ्या थ्रेडला हात घालता येत नाही अशा क्रियेने, सर्वांत लहान त्रिकोणक्रमांक ठेवणे. त्रिकोण कोणत्याही क्रमाने आले तरी उत्तर तेच निघते आणि रंग नंतर त्या त्रिकोणाच्या टेक्स्चरमधून, म्हणजे त्यावर चढवलेल्या चित्रातून घेता येतो.

एवढ्याने फक्त पृष्ठभाग भरतो. आतला भाग भरायचा तर घनांच्या प्रत्येक स्तंभात पृष्ठभाग किती वेळा ओलांडला ते मोजतात: विषम म्हणजे आत, सम म्हणजे बाहेर. मॉडेलची त्रिकोणांची जाळी पूर्ण बंद असेल तरच हे चालते. झगा, केस, उघडा कॉलर अशा ठिकाणी मोजणी चुकते आणि शरीराबाहेर घनांची लांब रांग उमटते.

128 घनांच्या बाजूच्या जाळीत 20,97,152 घन असतात. घनामागे एक बिट ठेवला तर 256 किलोबाइट पुरतात, चार बाइट ठेवले तर 8 मेगाबाइट लागतात. बाजू दुप्पट केली की हा आकडा आठपट होतो, म्हणून आकार आधी हातचा राखूनच निवडावा. घनांची ही जाळी दर फ्रेमला पुसावीही लागते; नाहीतर मागच्या हालचालींचे घन तसेच लोंबत राहतात. भरलेल्या घनांची यादी अणुगणकाने, म्हणजे अणुक्रियेने वाढणाऱ्या मोजणीने बनते आणि गणकातला आकडा थेट रेखाटनाच्या आज्ञेत जातो. किती घन काढायचे हे सीपीयूला कळण्याची गरजच पडत नाही.

खरा निर्णय मात्र वेगळाच आहे: घनाला स्वतःची ओळख हवी की नको? वर सांगितलेल्या मार्गाने घन जाळीच्या अक्षांना समांतर, नीट रचलेले राहतात, पण ते कोणाचेच नसतात. हात हलला की एक घन विझतो आणि शेजारचा उजळतो. दुसऱ्या मार्गात मूळ स्थितीतल्या मॉडेलचे एकदाच घन करून त्या घनांनाच हाडांचे भार दिले जातात. मग खांद्याचा घन शेवटपर्यंत खांद्याचाच राहतो, मात्र कोपर वाकले की घन तिरपे होतात आणि सांध्यांत फटी पडतात. ठोकळ्यांचे जग दाखवायचे असेल तर पहिला मार्ग घ्यावा. शरीर फुटून विखुरणार असेल तर दुसरा. विखुरणाऱ्या घनाला आपली आधीची जागा माहीत असावीच लागते.

पहिल्या मार्गात घनांची जाळी कुठे बांधली आहे यालाही महत्त्व आहे. ती जगाला बांधली तर श्वासाच्या हालचालीनेही कडेचे घन उघडमीट करतात. मॉडेलच्या मूळ हाडाला बांधली तर चालताना चित्र शांत राहते, पण पात्र वळले की सगळे ठोकळेही त्याच्याबरोबर वळतात. जाळी मॉडेलमागे सरकवावी, पण पूर्ण घनाच्या पटीतच, हा मधला मार्ग: ठोकळे जगाशी जुळलेले राहतात आणि छोटी जाळी पुरते, कडेची उघडमीट मात्र राहतेच. ती कमी करायला घनाचा आकार एकदम शून्य न करता दोन-चार फ्रेममध्ये हळूहळू लहान करतात.

दोन्ही मार्ग जोडताही येतात. फुटण्याच्या क्षणापर्यंत जाळी दर फ्रेमला नव्याने भरायची आणि त्या क्षणी प्रत्येक भरलेल्या घनाचा कण करायचा. घनात साठवलेल्या त्रिकोणक्रमांकावरून शिरोबिंदूंच्या मागच्या आणि आताच्या जागा मिळतात. त्यांतील अंतराला दोन फ्रेममधील वेळेने भागले की कणाचा सुरुवातीचा वेग निघतो, आणि धावणाऱ्या पात्राचे तुकडे धावण्याच्याच दिशेने पुढे उडतात.