कासचा सडा आणि कोकणातला सडा

गणपतीच्या सुमारास रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या एखाद्या सड्याचा, म्हणजे उघड्या कातळी पठाराचा, फोटो फिरायला लागतो. कातळावर निळ्या फुलांची चादर, आणि खाली ठरलेली ओळ: ‘आमचं मिनी कास’. कौतुकच असतं ते, पण मला दर वेळी खटकतं. कोकणातला सडा म्हणजे साताऱ्याजवळच्या कास पठाराची छोटी आवृत्ती नव्हे.

गोंधळ होतो याला कारण आहे. पायाखाली दोन्हीकडे जांभाच. बेसॉल्ट खडक लाखो वर्षं ऊन-पावसात कुजला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, की जांभा होतो. केरळात अंगडीपुरमला लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहून फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली त्याला लॅटिनमधल्या विटेवरून ‘लॅटेराइट’ नाव दिलं. आपल्याकडे त्याचाच बांधकामाचा चिरा होतो.

सड्यावरच्या वनस्पतींची नोंद करायला बसलं की पहिल्या तासात एक गोष्ट कळते: सडा हा एकच अधिवास नाही. हातभर अंतरावर वस्ती बदलते, आणि ती ठरते माती किती आणि पाणी किती दिवस थांबतं यावर. निव्वळ उघड्या कातळावर दगडफूल आणि शेवाळं. जिथे चिमूटभर माती धरली आहे तिथे ट्रायपोगॉनसारखं गवत, जे उन्हाळ्यात मेल्यासारखं सुकतं आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवं होतं. बोटभर ओल्या मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. यातले शेवटचे दोन्ही कीटकभक्षी, कारण या मातीत नत्र जवळपास नसतंच. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरतो, तर सीतेची आसवं मातीखाली बारीक फुग्यांचे सापळे लावून बसते. पाणी साठणाऱ्या खळग्यांत पाणवनस्पती, भेगांमध्ये कंदवाल्या वनस्पती, आणि माती वीतभर झाली की उंच गवत.

वस्तीचे हे वेगवेगळे खण कासलाही आहेत आणि रत्नागिरीलाही. चाळीतल्या खोल्या तशाच, बिऱ्हाडं मात्र वेगळी.

बिऱ्हाडं बदलतात ती मुख्यतः उंचीमुळे. कास साधारण १२०० मीटरवर आहे. पावसाळाभर धुकं, वारा, गारवा. कोकणातले बहुतेक सडे २०० मीटरच्या आत, समुद्राच्या दमट हवेत. कासच्या डबक्यात पाण्यात वाढणारा वायतुरा दिसतो. त्याचा तुरा दुभंगलेला, नर आणि मादी झाडं वेगळी, आणि शास्त्रीय नावातच सातारा. तो मुख्यतः वरच्या सड्यांवरचा. सात-आठ वर्षांनी एकदम फुलणारी टोपली कारवीही वरचीच. उलट दीपकाडी खालची: पांढऱ्या फुलांची, कांद्यातून उगवणारी, कोकणपट्टीतल्या सड्यांखेरीज फारशी कुठे नसलेली. तिच्या नावात ‘कोंकणेन्स’ आहे. जांभ्यावर वाढणाऱ्या ग्लायफोक्लोआ या गवताच्या जातीही अशाच वाटल्या गेल्या आहेत. काही वरच्या, काही खालच्या.

म्हणून नोंदवहीत नुसतं ‘जांभ्याचा सडा’ लिहून भागत नाही. उंची, खण, मातीची जाडी आणि तारीख लिहिली तरच ती नोंद कामाची. तारीख तर विसरूच नये. जूनमधला सडा आणि सप्टेंबरमधला सडा यांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर दोन वेगळी ठिकाणं वाटतील.

माणसांचा हिशेबही वेगळा. कास वनखात्याकडे आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, त्यामुळे तिथला प्रश्न गर्दीचा आणि वाहनांचा. कोकणातला सडा बराचसा खासगी मालकीचा. गुरं चरतात, गवत कापलं जातं, माती असेल तिथे भात किंवा नाचणी होते. शेती न होणारा कातळ सातबाऱ्यावर पोटखराबा. गंमत अशी की याच ‘खराब’ कातळावर फार पूर्वीच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. शिल्पाभोवती दगडाचं कडं घालतात, ते बरंच आहे, पण कड्याबाहेरच्या खळग्यातल्या गेंदाला कोण विचारतो? चिरेखाण निघाली किंवा कलमं लावायला सुरुंगाने खड्डे पाडले की सगळ्यात आधी जातो तो वरचा पातळ थर, आणि वर सांगितलेले सगळे खण त्या थरातच आहेत.

तेव्हा कोकणातल्या सड्याला कासच्या वेळापत्रकाने भेटायला जाऊ नका. पहिले मोठे पाऊस झाले की जा, उघडीप बघून, बेताने पाय टाकत. गणपतीपर्यंत थांबलात तर निळी चादर मिळेल. दीपकाडीचा बहर मात्र तोवर उरकलेला असेल.