झाड जितकं उंच, मुळं तितकीच खोल?

'झाड वर जितकं, जमिनीखालीही तितकंच' असं सांगणारं, आरशातल्या प्रतिबिंबासारखं चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. दिसायला इतकं नेटकं आहे की पटतंच.

पण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि ती वरच्या मातीत जास्त असते. म्हणून बहुतेक झाडांची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. ती आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराबाहेरसुद्धा. पुण्यात तर बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम, त्याखाली काळा पाषाण. खोल जायला वाव कुठे?

खात्री करायची असेल तर पावसाळ्यात उन्मळून पडलेला गुलमोहर बघा. मुळांचा गड्डा परातीसारखा पसरट दिसेल. नाहीतर घरच्याच झाडाच्या सावलीच्या कडेला खुरप्याने वीतभर उकरा, दोऱ्यासारखी बारीक मुळं हाताला लागतील.

त्यामुळे परसात शेजारच्या खिडकीला आडोसा हवा असेल, तर उंचीइतकाच पसाराही विचारात घ्या. वड, पिंपळ, रबर कुंपणाजवळ नकोतच. कामिनी किंवा तगर छाटून दाट ठेवता येते. सावलीला कांचन पुरतो. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप मात्र कुणी लावत नाही, ते पक्षी लावतात. दोन पानांवर असतानाच काढा.