‘व्हॉइड’ : काहीच नाही की काहीही?

इंग्रजीतला ‘व्हॉइड’ (रिकामा, पोकळी) हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘व्हेकन्ट’ आणि ‘व्हॅक्यूम’ हे त्याच गोतावळ्यातले. ‘अव्हॉइड’चा जुना अर्थसुद्धा ‘रिकामे करणे, रद्द करणे’ असाच होता आणि कायद्याच्या इंग्रजीत तो अजून टिकून आहे. तिथे ‘व्हॉइड’ करार मुळातच शून्य असतो. ‘व्हॉइडेबल’ करार मात्र ज्याला हक्क आहे तो पक्ष रद्द करीपर्यंत चालू राहतो. वैद्यकात ‘व्हॉइडिंग’ म्हणजे लघवी करणे. खगोलशास्त्रात दीर्घिकांच्या जाळ्यातल्या विरळ पोकळ्यांना हे नाव मिळाले. भूतप तारकासमूहाच्या दिशेला १९८१ मध्ये सापडलेली पोकळी सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षे रुंद आहे, आणि तिच्यातही थोड्या दीर्घिका आहेतच.

खरा गुंता झाला तो प्रोग्रॅमिंगमध्ये.

सुरुवातीच्या सी भाषेत ‘व्हॉइड’ नव्हताच. फंक्शन म्हणजे ठरावीक काम करून उत्तर परत देणारा कोडचा तुकडा. त्या उत्तराचा प्रकार लिहिला नाही, तर फंक्शन पूर्णांक परत करते असे कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) धरून चालायचा. त्यामुळे काहीच परत न करणाऱ्या फंक्शनचे ‘उत्तर’ कोणी चुकून वापरले, तरी तक्रार यायची नाही. रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत, उरलेला कुठला तरी आकडा हाती पडायचा. १९७८ नंतर भाषेत ‘व्हॉइड’ आला आणि ही चूक पकडता येऊ लागली. शब्द तयारच होता, कारण अल्गॉल-६८ या जुन्या भाषेत तो याच कामासाठी होता. इथवर सगळे ठीक होते.

पुढे सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणीकरणात ‘व्हॉइड पॉइंटर’ अधिकृत झाला. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या डेटाचा पत्ता ठेवणारे मूल्य. त्याआधी कोणत्याही प्रकारच्या डेटाचा पत्ता ठेवायला कॅरॅक्टर पॉइंटर वापरत. मेमरी मागणारे फंक्शनही तोच परत करायचे. ही गैरसोय दूर व्हायलाच हवी होती, पण त्यासाठी हाच शब्द निवडणे चुकले असे माझे स्पष्ट मत आहे. फंक्शनच्या डाव्या बाजूला ‘व्हॉइड’ म्हणजे काहीच नाही. तोच शब्द पॉइंटरला जोडला की ‘काहीही असू शकेल’. शिकणारा इथे हमखास अडखळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मराठीत ‘काहीच’ आणि ‘काहीही’ हे निदान दोन शब्द तरी आहेत.

त्याच प्रमाणीकरणाने आणखी एक त्रास मागे ठेवला. जुने कोड मोडू नये म्हणून फंक्शनच्या नावापुढच्या रिकाम्या कंसाचा अर्थ ‘आर्ग्युमेंट्स (फंक्शनला द्यायची मूल्ये) सांगितलेली नाहीत’ असाच राहिला. ‘एकही नाही’ म्हणायचे तर कंसात ‘व्हॉइड’ लिहावे लागे. म्हणजे रिकामा कंस रिकामा नव्हता, आणि तो रिकामा आहे हे सांगायला आत शब्द घालायचा! सीवरून घडलेल्या सी++ भाषेने हे मानले नाही. तिथे रिकामा कंस म्हणजे एकही आर्ग्युमेंट नाही. सी भाषेत हीच दुरुस्ती सी-२३ मध्ये आली, आणि ती आवृत्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

टाइप थिअरी, म्हणजे मूल्यांच्या प्रकारांचा गणिती सिद्धांत, मानणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे. त्यांच्या लेखी ‘व्हॉइड’ हे नाव शोभते ते एकही मूल्य नसलेल्या प्रकाराला. असा प्रकार परत करणारे फंक्शन कधी परतूच शकत नाही. सीमधले ‘व्हॉइड’ फंक्शन तर काम संपवून नेमाने परतते, फक्त रिकाम्या हाताने. हास्केल भाषेत या दोन्हींसाठी वेगळे प्रकार आहेत, कॉटलिन भाषेतही रिकाम्या हाताने परतण्यासाठी ‘युनिट’ वेगळा आणि कधीच न परतण्यासाठी ‘नथिंग’ वेगळा. सीमध्ये मात्र ‘व्हॉइड’ला प्रमाणाप्रमाणे आकारच नाही, आणि तरी एक बहुप्रचलित कंपायलर त्याचा आकार एक बाइट धरतो.